थेल्माचा निळा परकर

आमच्या विदरली गावात उन्हाळा उतरायला लागला की थेल्मा प्रॉथेरोच्या दारात कोणी रिकाम्या हाताने जायचं नाही, अशी रीत होती. न्यायचं तरी काय, तर अंड्यांचे रिकामे ट्रे. पुठ्ठ्याचे, करडे, खळग्याखळग्यांचे. अंडी ज्याची त्याने खावीत, ट्रे थेल्माचे. नव्याने राहायला आलेली माणसं आधी बिचकायची, मग वर्षभरात तीही ट्रे साठवायला लागायची. माणूस गावचा झाला की नाही हे आम्हाला त्यावरून कळायचं.

ट्रे लागायचे पतंगांना. उडवायचे पतंग नव्हेत, रात्री दिव्यावर झेप घेतात ते. थेल्माच्या बागेत एक लाकडी खोका होता. त्याच्या तोंडावर डोळे दिपवणारा दिवा आणि पोटात हे ट्रे. पतंग दिव्यावर यायचा, गोंधळायचा, खोक्यात पडायचा आणि एखादा खळगा बघून निजायचा. सकाळी थेल्मा एकेक ट्रे उचलून झोपलेल्यांची नावं लिहून घ्यायची आणि त्यांना वेलीच्या दाट पानांत नेऊन सोडायची. मारणं नाही, टोचणं नाही. मोसम संपला की सगळी नोंद जिल्ह्यातल्या पतंगांची यादी ठेवणाऱ्या नोंदणीदाराकडे जायची.

माझं खातं पक्ष्यांचं. मी तिची शेजारीण. आमच्या बागांमध्ये गुडघाभर उंचीची दगडी भिंत, आणि भिंतीला लागून माझी वेताची खुर्ची. पक्ष्यांचं काम सोपं असतं. ते स्वतःहून दिसतात, आणि नाही दिसले तरी माणूस चहा पीत बसू शकतो. नियम एकच: आपल्या बागेत बसून जे दिसलं ते आपलं. आभाळात कुठेतरी उंचावरून ससाणा गेला, तरी तो माझ्या बागेचा.

थेल्माला हे कधी पटलं नाही.

"म्हणजे खिडकीत बसायचं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारी आपल्या म्हणायच्या," ती म्हणायची. "माझा पतंग माझ्या खोक्यात येऊन झोपतो गं. त्याला म्हणतात नोंद."

"झोपलेल्याला कोण पाहुणा म्हणतं? तुझा तो कैदी."

"सकाळी सुटतो की. तुझ्या नवऱ्याला तेवढंही कधी मिळालं नाही."

हे असं आमचं रोजचं.

पण पतंगांचं हे वेड तिला लागलं कसं, ते सांगायला हवं. शहात्तर सालचा उन्हाळा पाहिलेली माणसं आता गावात थोडी उरली. अख्ख्या इंग्लंडात पाणी तुटलं होतं. चर्चपुढची हिरवळ वाळलेल्या कडब्यासारखी झाली होती आणि अंघोळीचं पाणी आम्ही बादल्यांनी नेऊन घेवड्याला घालत होतो. थेल्मा तेव्हा मुलांना पियानो शिकवायची. तिच्या वडिलांकडून तिला एक जुनी युक्ती मिळाली होती. काकवीत बिअर घालून ती उकळायची, उतरवताना वर थोडी रम ओतायची, आणि ते चिकट मिश्रण दिवेलागणीला कुंपणाच्या खांबांना फासायचं. वासाने पतंग येतात, पितात आणि धुंद होऊन बसून राहतात. मग निवांत बघून घ्यावेत.

त्या ऑगस्टात एका संध्याकाळी खांबावर एक पतंग येऊन बसला. तळहाताएवढा. वरून जुन्या लाकडासारखा राखाडी, काही बघण्यासारखं नाही. मग त्याने पंख फाकवले आणि खाली काळ्या पंखावर फिकट निळा पट्टा चमकला. आमच्या आज्या त्याला निळा परकर म्हणायच्या. वरून चर्चला जायचा करडा झगा, आणि आत जे काही निळं आहे ते ज्याचं त्याला ठाऊक. तो आमच्या भागातून केव्हाचाच नाहीसा झाला होता. त्याचा भाऊबंद तांबडा परकर मात्र दर वर्षी येतो. तो कोणालाही दिसतो.

मी नेमकी त्या आठवड्यात माहेरी होते. साक्षीला कोणी नाही. थेल्माने पतंगाला पोटभर पिऊ दिलं आणि तो उडून गेला तेव्हा त्याला हात हलवून निरोप दिला.

त्या वेळचे नोंदणीदार मिस्टर पॉमफ्रेट. धंद्याने दातांचे डॉक्टर, आणि पतंगांनाही ते त्याच हाताने हाताळायचे. त्यांच्या कपाटात टाचण्यांना टोचलेल्या पतंगांच्या रांगाच रांगा होत्या. थेल्माने कळवलेलं त्यांनी वाचलं आणि समासात लिहिलं, "नमुना नाही. बहुतेक तांबडा परकर." तिथे थांबते तर दातांचे डॉक्टर कसले! चर्चच्या जत्रेत, केक विकायच्या टेबलापाशी, चारचौघांत ते मोठ्याने म्हणाले, "मिसेस प्रॉथेरो, तिन्हीसांजेला तांबडं निळं दिसू शकतं हो. पण मला सांगा, रम पतंगाने प्यायली होती की तुम्ही?"

गाव हसलं. थेल्माने त्यांना केकचा तुकडा कापून दिला आणि त्यानंतर जन्मात त्यांच्यापुढे तोंड उघडलं नाही. दाढ दुखली की ती बस पकडून पार जिल्ह्याच्या गावी जायची.

मग आला तो दिवा, तो खोका आणि ते ट्रे. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. तिचे केस पांढरे झाले, माझे गळले. पॉमफ्रेट वारले; त्यांचे पतंग संग्रहालयाच्या खणात गेले आणि ते स्वतः चर्चच्या मागे. थेल्माच्या खोक्यात शेकडो जातीचे पतंग झोपून गेले. निळा परकर काही आला नाही.

आणि मग तो परत आला. हवा ऊबदार होत गेली तसा दक्षिणेकडून वर्षावर्षाला थोडा थोडा वर सरकत, गेल्या उन्हाळ्यात तो आमच्याकडे पोचला. पोचला तो असा, की गावजेवणाचं आमंत्रण द्यायला निघालेल्यासारखा एकही घर सोडीना. पबच्या न्हाणीघराच्या खिडकीत तो बसला. बसथांब्यावरच्या वेळापत्रकावर बसला. आमचे नवे पाद्री क्रिस्पिन यांना वाढदिवसाला कोणीतरी पतंगांचा खोका भेट दिला होता. त्यांना अजून पाकोळी पक्षी कुठला आणि भिंगरी कुठली ते कळत नव्हतं, पण निळा परकर त्यांच्या टॉवेलावर येऊन बसला.

"मला वाटलं टॉवेलाचीच नक्षी आहे," ते आनंदाने सांगत सुटले. "तोंड पुसणार होतो हो!"

थेल्माने त्यांचं अभिनंदन केलं. घरी येऊन तिने इतक्या जोरात दार लावलं की माझ्या बागेतला रॉबिन पक्षी उडाला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात; इथे विघ्न एकही नव्हतं, नवरा मुलगा अख्ख्या गावात हिंडत होता, फक्त नकटीच्या दारात येत नव्हता.

तिचा त्या बागेतला तो शेवटचा उन्हाळा. खुबा बदलल्यापासून तिला जिना चढवत नव्हता. मुलीने नदीपलीकडच्या शहरात, वृद्धांसाठी बांधलेल्या इमारतीत तिच्यासाठी जागा घेतली होती. घर विकलं गेलं होतं. सप्टेंबर सरला की जायचं. तिथे बाग नाही, आणि खिडकीबाहेर दिवा लावायला मनाई.

एका दुपारी ती चुलीवर काकवी ढवळत होती. मी रमची बाटली धरून उभी होते.

"मला तो इथे हवाय, ऑड्रे," ती अचानक म्हणाली. "याच बागेत. तिकडे गेल्यावर टोपली भरून दिले तरी नकोत."

"आणि आला तर?"

"पॉमफ्रेटच्या थडग्यापाशी जाऊन सांगेन."

"काय?"

"की रम पतंगानेच प्यायली होती. ओत आता. एवढीशी काय ओततेस, तुझ्या बापाची आहे का?"

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी थेल्माकडे पतंग-न्याहारी असायची. सगळ्या गावाने सकाळी तिच्या बागेत जमायचं, टोस्ट आणि मार्मलेड खायचं आणि तिने खोका उघडताना बघायचं. त्या वर्षी जिल्ह्याची नवी नोंदणीदारही येणार होती, इमोजेन नावाची. शिकलेली, हुशार, तिशीची पोर. ती आदल्या दिवशीच येऊन पबमध्ये उतरली होती.

त्या आदल्या संध्याकाळी मी झुडपाच्या सावलीत खुर्चीत बसले होते. माशीमार पक्ष्यांची एक जोडी अजून गेली नव्हती; ती कुंपणावरून उठून हवेत गिरकी घेत होती. तारेवर भिंगऱ्यांची शाळा भरली होती. थेल्माने दिवा लावला, खांबांना काकवी फासली आणि हात धुवायला आत गेली.

तेवढ्यात मागच्या फाटकातून इमोजेन आली. हातात अंड्यांचा छोटा ट्रे, भरला कप न्यावा तसा दोन्ही हातांनी धरलेला. तिने इकडेतिकडे पाहिलं, ट्रे खोक्यात सरकवला आणि निघून गेली. नोंदणीदार बाई खोका तपासत असेल, असं मी मनाला सांगितलं. मन ऐकेना.

मी चहाचा घोट घेते न घेते तोच चर्चच्या बाजूची भिंत चढून पाद्री आले. गळ्यात पांढरी पट्टी, कोटाच्या आत फुगवटा. त्यांनीही ट्रे काढला. खोक्याजवळ वाकून ट्रेचं झाकण उघडलं, आणि ट्रेमधून काहीतरी मोठं फडफडत वर गेलं. वाऱ्याने उडालेली टोपी पकडावी तसे त्यांनी दोन्ही हात हवेत मारले. मग बराच वेळ आभाळाकडे बघत उभे राहिले. त्यांच्या धंद्यात ते शोभतंच. शेवटी रिकामा ट्रे कोटात घालून चवड्यांवर चालत गेले.

मी कोणालाच अडवलं नाही. दोघांचंही मन चांगलं होतं, आणि चांगल्या मनाच्या माणसाला अडवायची आमच्याकडे पद्धत नाही. त्याला नंतर चहा देतात.

सकाळी बाग भरली. थेल्माने चर्चचा करडा झगा घातला होता. तिने दिवा काढला, पहिला ट्रे उचलला, दुसरा उचलला. नावं सांगत गेली. रॉबिन भिंतीवर बसून फुकटच्या नाश्त्याची वाट बघत होता. पाचवा की सहावा ट्रे तिने वर घेतला आणि थांबली.

राखाडी, तळहाताएवढा. तिने गवताची काडी घेऊन त्याला हळूच डिवचलं. पंख फाकले. निळं.

अख्ख्या बागेने श्वास सोडला. टाळ्या सुरू झाल्या. इमोजेनच्या डोळ्यांत पाणी आलं. पाद्रींनी नुसतंच "हं!" केलं, आपला पतंग आपणहून परत येऊन खोक्यात पडला असंच त्यांना वाटलं असणार.

थेल्मा पतंगाकडे बघत नव्हती. ती ट्रे उलटा करून बघत होती.

"हा ट्रे कोणाचा?"

टाळ्या थांबल्या.

"या गावातला एकेक ट्रे मी ओळखते. याच्यावर निळी कोंबडी छापलीय. ही कोंबडी फक्त जिल्ह्याच्या गावातल्या मोठ्या दुकानात मिळते." तिने चष्म्यावरून बघितलं. "इमोजेन, अंडी ताजी होती का गं?"

पोरीचा चेहरा मार्मलेडच्या रंगाचा झाला. "मिसेस प्रॉथेरो, मी... माझ्या घरच्या खोक्यात दोन आले होते. मला वाटलं, त्यातला एक तुमच्या... त्याला ट्रेवरून हलवला असता तर तो उडाला असता."

"म्हणून ट्रेसकट. शाबास. खोट्या नोंदी पकडायला जिल्ह्याने तुला नेमलंय ना?"

इमोजेन रडायलाच लागली. थेल्माने तिच्या हातात टोस्ट दिला. "खा. रिकाम्या पोटी खोटेपणा पचत नाही."

इतक्यात पबवाला ओरडला, "अहो, हे बघा! न्हाणीच्या भिंतीवर!"

काकवी फासलेल्या खांबाच्या मागे, थेल्माच्या न्हाणीच्या विटांवर, दुसरा बसला होता. कोणाच्याही ट्रेमध्ये नाही. स्वतःच्या पायांवर. पबवाल्याने फुंकर मारली, आणि निळा पट्टा इतका मोकळा पसरला की मागच्या रांगेतल्यांनाही दिसला.

इमोजेन टोस्टसकट धावली. "हा माझा नाही! मी एकच आणला होता, तो ट्रेमध्ये आहे. हा आपणहून आलाय! मिसेस प्रॉथेरो, हा तुमचा आहे, खराखुरा!"

लोकांनी या वेळी दुप्पट टाळ्या वाजवल्या. थेल्मा काठी टेकत भिंतीजवळ गेली. एवढ्या वर्षांत तिचा चेहरा मी सुखाचा, दुःखाचा, दाढदुखीचा सगळा पाहिला होता. तो तसा कधी पाहिला नव्हता. तिने हात पुढे केला, पण लावला नाही. मग तिने मागे वळून सगळ्यांना सोडून माझ्याकडे बघितलं.

"ऑड्रे. काल संध्याकाळी तुझी खुर्ची बाहेर होती."

"होती."

"काय दिसलं?"

"माशीमार. जोडी. तारेवर भिंगऱ्या, बऱ्याच."

"आणखी?"

मी पाद्रींकडे बघितलं. ते मार्मलेडच्या बरणीवरची अक्षरं वाचत होते. मला एवढंच करायचं होतं: "आणखी काही नाही" म्हणायचं. सगळं गाव खूश झालं असतं, तीही. पण ती मला विचारत होती ते शेजारीण म्हणून नाही. आपल्या बागेतून जे दिसलं ते आपलं, हे मीच तिला जन्मभर ऐकवलं होतं.

"आणखी एक पाद्री," मी म्हटलं. "नर. चर्चच्या दिशेने आला. भिंतीवरून."

कोणीतरी खोकलं. क्रिस्पिनने बरणी खाली ठेवली.

"मिसेस प्रॉथेरो, मी त्याला फ्रीजमध्ये ठेवला होता, लोण्याशेजारी, म्हणजे शांत राहील. पण येताना मला त्याची दया आली. एवढा गारठलेला. म्हणून मी त्याला कोटात ऊब दिली."

"आणि तो उडाला."

"हो."

"कुठे?"

"वर," पाद्री म्हणाले.

थेल्माने भिंतीकडे बघितलं. भिंतीवरचा पतंग पंख मिटून पुन्हा वीट झाला होता.

"तरीसुद्धा हा तुमचाच असू शकतो!" इमोजेन कळवळून म्हणाली. "बहुतेक तुमचाच असेल!"

"बहुतेक," थेल्मा म्हणाली. "हा शब्द मला पाठ आहे, बाळ. माझ्या नावासमोर तोच लिहिलाय."

"मग मी शहात्तरची नोंद मान्य करते! मला अधिकार आहे. आत्ता करते, सगळ्यांसमोर."

"नमुना आहे?"

"नाही, पण..."

"मग? पॉमफ्रेट माणूस आगाऊ होता, पण नियम खरा होता. तू नोंदणीदार आहेस की सांता क्लॉज?" मग ती सगळ्यांकडे वळली. "आता टोस्ट गार होतायत. क्रिस्पिन, तुम्ही चहा घ्या. पुढच्या वेळी चांगलं काम करायचं असेल तेव्हा फाटकातून या. या वयात भिंतीवरून पडला असतात तर तेही माझ्याच नोंदीत आलं असतं."

लोक हसले. तीही हसली. त्या दिवसाच्या नोंदीत तिने निळ्या परकरासमोर काहीच लिहिलं नाही, कारण दोन चांगल्या माणसांनी मिळून तिच्या बागेत असा पतंग आणून सोडला होता की खरा आला तरी तो खरा राहू नये.

संध्याकाळी मी भिंतीपलीकडून म्हटलं, "मी बोलायला नको होतं का?"

"तू गप्प बसली असतीस तर मी तुझ्या त्या ससाण्यांवर कधी विश्वास ठेवला नसता," ती म्हणाली. "तसाही फारसा नव्हताच."

महिनाभर ती रोज दिवा लावत राहिली. तांबडे परकर आले. मग गाडी आली, पियानो गेला, थेल्मा गेली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सकाळी तिचा फोन आला.

"ऑड्रे, बसली आहेस ना?"

"मी नेहमीच बसलेली असते, तूच म्हणतेस."

"इथे जिन्यात नियमाप्रमाणे रात्रभर दिवा जळत ठेवतात. म्हाताऱ्यांनी पडू नये म्हणून. आज नाश्त्याला निघाले तर जिन्याच्या खिडकीत, आतल्या बाजूने... सांग काय."

मी तिलाच सांगू दिलं.

"निळा," ती म्हणाली. "लख्ख. कोणाचा ट्रे नाही, पाद्री नाही. इथे पाद्री मंगळवारी येतो, आणि त्याला गुडघेच नाहीत."

"थेल्मा! मग नोंद?"

"केला ना फोन. हा जिल्हा वेगळा, इथला नोंदणीदार वेगळा. फार सभ्य माणूस. म्हणाला, मॅडम, आमच्याकडे निळे परकर इतके झालेत की कृपा करून आता कळवू नका. त्यांनी तसं छापून वाटलंसुद्धा आहे."

दात होते तेव्हा चणे नव्हते, एवढंच माझ्या मनात आलं. पण ते दातांच्या डॉक्टरांची आठवण करून देणारं होतं, म्हणून बोलले नाही. फोनवर एक विचित्र आवाज येत होता. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, पियानोच्या दिवसांत हसायची तशी.

"मग काय केलंस त्याचं?"

"काय करणार? खिडकी उघडली. गेला," ती म्हणाली. "आणि इथल्या नर्सला विचारलं, जरा रम मिळेल का."

"सकाळी? कोणासाठी, असं नाही का विचारलं तिने?"

"विचारलं ना. म्हटलं, पतंगासाठी."

आणि तिने ग्लास टेबलावर टेकवल्याचा आवाज मला नदीच्या या काठावर स्वच्छ ऐकू आला.